पुण्याहून आलेला पडदा

पाटोद्यापासून डोंगराच्या अंगाला आमची वाडी हाय, तिथला मी. आमचं घर दीक्षा घेतलेलं, बाप सडकंच्या कामावर खडी फोडायचा, आन् काय सांगू तुमाला, त्या बापानं एकदा तहसीलला गेल्यावर लिंबाखाली टाइपराइटर घेऊन बसलेला माणूस बघितला. टाइपवाला खुर्चीवर आन् त्याच्याम्होरं गावचा पाटील उभा, हात जोडून, अर्ज सांगतोय. बाप घरी आला, हातपाय धुतले आन् आईला म्हणला, आपल्या पोराला ते शिकवायचं. आई म्हणली काय ते, तर म्हणला, बसून काम करायचं आन् पुढं पाटलाची मिशी उभी राहती, ते.

मी बीडला ऱ्हाऊन टायपिंग शिकलो. जुनं मशीन घेतलं, मंग दुसरं घेतलं, आन् तहसीलीच्या मागं एक खोली भाड्यानं घेऊन इन्स्टिट्यूट काढली. इन्स्टिट्यूट म्हणजे पत्र्याची खोली, उन्हाळ्यात आत भाकर भाजावी. पण पाटी मोठी लावलती. पोरं-पोरी शिकून गेल्या, कुणी कोर्टात लागलं, कुणी झेडपीत, आजबी कुठल्या कचेरीत गेलो तर एखादा साहेब उठून म्हणतो, सर तुमी कावून रांगेत, आन् मंग मलाच लाज वाटते, कारण मला त्याचं नाव आठवत न्हाई, फक्त त्याची करंगळी आठवते, ती कुठल्या बटनावर अडायची ते.

पोटाला मात्र शिकवण्यापरीस मानपत्रांनी जास्त घातलं. आपल्याकडं सत्कार किती होतात तुमाला ठाऊकच हाय. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणी नुसता दवाखान्यातून घरी आला तरी सत्कार. मंग कार्यकर्ते यायचे, सर, एक जोरदार मानपत्र हाणा. मी एकच करून ठिवलतं. तडफदार, कर्तव्यदक्ष, गोरगरिबांचा कैवारी, विकासाचा महामेरू, सगळं त्यात बसवलतं, फक्त नावाची जागा मोकळी. एकदा दोन विरोधी पार्टीच्या पुढाऱ्यांचे सत्कार एकाच हप्त्यात आले, दोघांनाबी तेच मानपत्र गेलं, आन् दोघांच्याबी डोळ्यांत पाणी आलं. कमल, म्हणजे आमची मंडळी, तिनं ऐकल्यावर म्हणली, अहो, माझ्यासाठी कधी एक ओळ तरी टाइप केली का. मी म्हणलं, तुझ्यासाठी महामेरू कसं लिहू, तर म्हणली, नुसतं बरी हाय म्हणून लिहा. ऱ्हायलं ते. तीन वर्सं झाली तिला जाऊन.

आता कॉम्प्युटरचं सांगतो. टाइपराइटर बंद पडत चालले तेव्हा मिलिंद, आमचा एकुलता एक, कॉलेजात होता, त्यानं पुण्यातून एक कॉम्प्युटर जुळवून आणला, तोच हा, आजबी चालतो. मिलिंद इंजिनियर झाला, पुण्यात मोठ्या कंपनीत हाय, सून नोकरीवाली, घर सातव्या मजल्यावर. मी गेलतो ऱ्हायला. वाईट कुणीच वागत न्हाई. पण तिथं दिवसभर दाराची बेल वाजते आन् दर टायमाला कुणीतरी काहीतरी देऊन जातं, आत यायचं नाव न्हाई. मी म्हणायचो या, पाणी घ्या, तर तो माणूस घाबरून लिफ्टकडं जायचा. आलो मी परत.

आता डोळे गेले माझे, म्हणजे गेले न्हाईत, पण पडद्यावरची अक्षरं मुंग्यांवानी दिसतात. फोन माझा बटनाचा, त्यावर नातवाचं तोंड दिसायची सोय न्हाई. रविवारी मिलिंदचा फोन येतो, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवू का. एका रविवारी मी सहज म्हणलं, अक्षर दिसत न्हाई बाबा. झालं. चार-पाच दिसांनी दारात ही मोठी पेटी. आत नवा पडदा, पाटावानी चपटा, लई मोठा.

मी फोन केला. तो म्हणला, पप्पा, तुमचा कॉम्प्युटर जुना आहे, ह्याची पिन त्याला बसते का ते आधी बघा, नसेल बसत तर मी येऊन बघतो.

मी येऊन बघतो. आता असं माणूस सहज बोलतो, पण ऐकणारा एकटा असला की तो सहज ऐकत न्हाई. मी दोन्हीकडची तोंडं बघितली. जुन्याची पिन निळी, दोन्ही अंगाला पिळायचे स्क्रू, नव्याचं तोंड चपटं, इवलंसं. कुठूनच जुळंना. अन् खरं सांगतो, मला लई आनंद झाला. मी घर झाडून काढलं. माडीवरची गादी उन्हात टाकली. शेजारच्या शकुंतलाबाईला म्हणलं, कुरडया असतील तर ठिवा जरा, मिलिंद येतोय, त्याला आवडतात. ती म्हणली, कधी येतोय, मी म्हणलं, पिन बसत न्हाई म्हणून येतोय. तिला काय समजलं तिलाच ठाऊक, पण टोपलंभर कुरडया दिल्या तिनं.

पण मिलिंद इंजिनियर, तो खोदून विचारणार. म्हणून म्हणलं, मेकॅनिककडून पक्कं करून घ्यावं. बीडला अफसरचं दुकान हाय, माझाच विद्यार्थी, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. कॉम्प्युटरचा डबा चादरीत बांधला, पडद्याची पेटी दुसऱ्या हाताला, आन् एसटीत बसलो. कंडक्टर म्हणला, काय बाबा, वाटणी झाली का घरात? मी म्हणलं, वाटणीला दुसरं माणूस लागतं. तो हसला, मी बी हसलो, पण जरा उशिरा.

अफसरनं चादर सोडली, आतली धूळ फुंकली, म्हणला, सर, ये तो बुजुर्ग हाय, ह्याला नमस्कार करायला पाहिजे. मी म्हणलं, नमस्कार ऱ्हाऊ दे, नवा पडदा ह्याला बसतो का सांग. त्यानं ड्रावरातून बोटाएवढी एक पिन काढली, एका अंगाला निळं तोंड, दुसरीकडून चपटी वायर, मधी जोडली, बटन दाबलं, आन् पडदा लागला. एवढाल्ली अक्षरं. बसतंय की सर, म्हणला, मस्त बसतंय.

 त्यानं चहा मागवला. चहा पिता पिता मी म्हणलं, अफसर, न्हाई बसत असं म्हणता येईल का. तो म्हणला, सर, चालू हाय ना समोर! मी म्हणलं, दिसतंय मला, पण न्हाई बसलं तर मिलिंद येणार हाय. अफसरनं चहाचा ग्लास खाली ठिवला. लई येळ वायरी गुंडाळत बसला. मंग म्हणला, बोलून टाका सर, न्हाई बसत. जुन्या मशीनचं कोण खरं धरतंय. आन् ती पिन माझ्या खिशात घातली आन् म्हणला, असू द्या, कधी खरं बोलायची पाळी आली तर.

घरी येऊन फोन लावला. म्हणलं, मिलिंद, न्हाई बसत बाबा, बीडच्या मेकॅनिकनंबी सांगितलं. तर तो म्हणला, काही हरकत नाही पप्पा, परत पाठवू, उद्या-परवा माणूस येईल न्यायला. मी नवीन कॉम्प्युटरच पाठवतो पूर्ण, त्यांचाच माणूस येऊन जोडून देईल, तुम्हाला काहीच करायला नको.

मी म्हणलं, बरं.

 आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावानं खोटं टाइप केलं, ते सगळं खपलं, लोकं रडली त्यावर. सवताच्या नावानं हे एक बोललो, ते असं फसलं.

आता इथं एक आमच्या घरची रीत सांगायची ऱ्हायली. मिलिंद पुण्याला शिकायला होता तेव्हा कमल त्याला डबा धाडायची, पुण्याच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचा, तिकडं स्टँडवर हा उभा ऱ्हायचा. आन् परत येताना डबा रिकामा आलेला तिला चालायचा न्हाई. आपल्याकडं कुणीच भांडं रिकामं परत देत न्हाई, पण तिचं जरा जास्तच. म्हणून हा त्यात काहीबाही घालून धाडायचा, पेरू, शेंगा, एकदा काहीच न्हवतं तर खडूचा तुकडा घातला बेट्यानं. तो खडू तिनं देव्हाऱ्यात ठिवावा तसा कपाटात ठिवला, बुद्धमूर्तीच्या बाजूला. अजून हाय.

तर पेटी परत जायची म्हणल्यावर मला वाटलं, ज्यानं धाडली त्याच्याकडंच जाणार. सरळ हाय की. पेटीत त्या पांढऱ्या थर्माकोलला खाचा होत्या, रिकाम्या दिसत होत्या. मी शकुंतलाबाईच्या कुरडया कागदात गुंडाळून त्यात बसवल्या, शेंगदाण्याची चटणी मी केलती, तीबी एका डबीत घातली आन् वर चिकटपट्टी लावली.

माणूस आला न्यायला, मिशा पिकलेला, गाडीवर मोठी पिशवी. म्हणला, उघडून बघावं लागतंय काका. उघडलं, आन् कुरडई बाहेर आली. तो म्हणला, हे काय? मी म्हणलं, पोराला. तो माझ्याकडं बघत ऱ्हायला. म्हणला, काका, ही पेटी तुमच्या पोराकडं जात न्हाई हो, गोदामात जाती, कंपनीच्या. तुमच्या पोरानं तर ह्याला हातबी लावला नसंल. मोबाइलवर बटन दाबलं असंल, बास.

मी खाली बसलो. मला इतके दिवस वाटत होतं, ही पेटी त्यानं बांधली हाय. चिकटपट्टी सरळ लावलती ना, त्याची आईबी तशीच लावायची.

तो माणूस बिचारा उभाच. मी म्हणलं, बस, पाणी घे. आन् हा बसला बरं का, लिफ्टकडं पळाला न्हाई. पाणी प्याला, कुरडईचा एक तुकडा मोडून खाल्ला, म्हणला, माझी लेक नाशिकला दिलीय.  जाताना विचारलं, मंग नेऊ का ठिवू? मी खिशात हात घातला, अफसरची पिन लागली हाताला. म्हणलं, ऱ्हाऊ दे. बसतंय ते.

मिलिंदला खरं सांगितलं. म्हणलं, पिन मिळाली, बसतंय, नवा कॉम्प्युटर नको. तो म्हणला, वा पप्पा, मग प्रश्नच मिटला. आवाज एवढा मोकळा लागला त्याचा. मला वाईट वाटलं आन् बरंबी वाटलं, दोन्ही एकदमच. कामाच्या माणसाचा एक प्रश्न मिटला तर मिटला.

कुरडया आन् चटणी मात्र उरली. मंग मी कमलचाच जुना डबा काढला, भरला, आन् पुण्याच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिला, पूर्वीवानी. मिलिंदला फोन करून म्हणलं, सहाला स्टँडवर जा. तो म्हणला, पप्पा, मीटिंग आहे, पण काळजी करू नका, मी माणूस पाठवतो घ्यायला.

डबा पोचला. रात्री फोन आला. रविवार नसताना आला बघा. म्हणला, चटणीत मीठ जास्त झालंय. मी म्हणलं, तुझ्या आईचं माप मला कुठं ठाऊक.   फोन चालूच होता. मंग म्हणला, ठिवू का. ठिवू का म्हणला, ठेवू न्हाई. पुण्यात गेल्यापासून पहिल्यांदा.

डबा अजून तिकडंच हाय. येईल. रिकामा यायचा न्हाई, पण कुणाच्या हातून येईल ते सांगता येत न्हाई. सुखात असावं त्यानं, अजून काय. पोरगं वाईट न्हाई, तेवढं लिहा. तडफदार बिडफदार नका लिहू, नुसतं बरं हाय म्हणून लिहा.

आन् हे तुमी हातानं लिहून घेताय, ते टाइप कोण करणार? बाहेर कावून देता, आणा हिकडं. पडदा मोठा हाय, अक्षर लख्ख दिसतंय, बोटं अजून चालतात, चूक सापडली तर सांगा. मी करून ठिवतो. पण न्यायला तुमीच या. माणूस धाडू नका.