पहिली पखाल

“‘पहिली पखाल गावाच्या रांजणात, मग बंगल्यांत.’ अम्मी डोळे मिटताना हेच सांगून गेली ना?”

खालापूरच्या मोटारथांब्यावर जप करणाऱ्या आनंदीबाईंच्या कानी शेजारच्या जोडप्याचं बोलणं पडलं.

“शरीफा, लढाई संपली. समुद्राकाठचे ओस बंगले पुन्हा उघडतायत. भिस्ती म्हणून मला बोलावलंय, अन् तुझं तोंड पडलेलं!”

“बंगल्यांचा मुकादम म्हणतो, सगळं गोडं पाणी बंगल्यांनाच द्या.”

“हवापालटवाल्यांनी आंघोळ करायची नाय?”

“अन् गावानं काय समुद्र प्यायचा?”

“काम जाईल गं माझं.”

“अम्मीला ‘हो’ कुणी म्हटलं होतं? मी?”



आनंदीबाईंची माळ थांबली होती.

मोटार आली. शकूरनं कातड्याची कोरडी पखाल खांद्यावर घेतली.

“चल. पोचल्याबरोबर गावाचा रांजण घासून ठेव.”