नवं इंजिन कोरडंच येतं

हॅलो?… कोण, वर्ना? बोल गं. ओपलच बोलतेय, दुसरं कोण असणार या घरात फोन उचलायला?… तुझा भाऊ बाहेर शेडमध्ये आहे.… हो, सकाळपासून.

बरं आहे त्याला.… बरं आहे म्हणजे बरं आहे. नाश्ता केला. दोन पाव ग्रेव्हीत बुडवून खाल्ले, तिसरा कुत्र्याला दिला.… तुला ओळखणार नाही असं कसं होईल? सख्खी बहीण तू त्याची.… पाद्रीबाबांचं नाव विसरला होता, ते खरं. पण तो पाद्री नवीन आहे, आणि इतका पुळपुळीत बोलतो की नाव माझ्याही लक्षात राहत नाही.

हो, हो… अगं ऐक ना. गवत कापायच्या मशीनमध्ये नवं इंजिन बसवून झालं.… काल संध्याकाळी. एकट्यानं बसवलं.… डॅरिल कुठला येतोय मदतीला? त्याची न् बापाची तर पैज लागलीय. तुला सांगितलं नाही त्यानं? पोरगा माझाच, पण आतल्या गाठीचा आहे.

ईस्टरला झालं ते. सगळे जेवायला बसलो होतो. डॅरिल म्हणाला, डॅडी, गवत कापायच्या मशीनचं इंजिन गेलंच आहे, आता तूही थांब. डोंगरावरच्या आपल्या घरच्या कबरींचं गवत मी कापेन, तुझं वय झालं.… वय म्हणाला. डोकं म्हणाला नाही, पण टेबलाभोवती सगळ्यांना कळलं. हर्शेलनं काटा खाली ठेवला. म्हणाला, नवं इंजिन मी बसवतो, कुणाचा हात लागू देणार नाही. धड चाललं तर डोंगरावर मीच जाईन. नाही चाललं तर किल्ली तुझी, परत मागणार नाही.… हो ना, तुझाच भाऊ. एकदा बोलला की दगडावरची रेघ.

मग काय, तेव्हापासून शेडमध्येच मुक्काम. जुनं इंजिन निघता निघेना. खालून तो पात्यांचा क्लच असतो बघ, तो गंजून दांड्याला चिकटला होता. डॅरिल असता तर हातोडा घातला असता. हा रोज जायचा, गंज सोडवायचं तेल शिंपडायचा, हलकेच टकटक करायचा आणि परत यायचा. एका दुपारी क्लच आपणहून खाली आला. मला हाक मारून दाखवला. हसत होता गं. किती दिवसांनी हसला.

मग तुळईला साखळीची कप्पी लावली, जुनं उचललं, नवं सोडलं.… वायरींचे फोटो काढून ठेव म्हणून डॅरिल दहादा ओरडला होता. नाही काढले. पण लावल्या सगळ्या बरोबर. हाताला आठवतं म्हणतो.

हाताला आठवतं खरं… पण मंगळवारी दुकानातून येताना पाइन लिकच्या वळणावर गाडी थांबवली, आणि मला विचारलं, ओपल, डावीकडे की उजवीकडे? लग्न झाल्यापासून तोच रस्ता, वर्ना.… मी डावीकडे म्हटलं. घरी आलो.

थांब हं, दार लोटून घेते. फोनची वायर एवढीच पुरते.… हं. आता ऐक. कुणाला सांगू नकोस, डॅरिलला तर मुळीच नाही. सकाळी मी त्या इंजिनात तेल घालून आले.

का म्हणजे? नवं इंजिन कोरडंच येतं बाई. तेलाचा थेंब नसतो त्यात. वर लाल चिठ्ठी बांधलेली असते, तेल घातल्याशिवाय सुरू करू नका म्हणून. तसंच सुरू केलं की आतल्या आत जाम होतं. संपलं. थेट भंगारात.… मला कसं माहीत? या माणसाबरोबर जन्म काढला, एवढं तरी कळणारच. काल जेवताना हा म्हणाला, झालं सगळं, आता सकाळी फक्त किल्ली फिरवायची. त्याच्या आधी मी कोंबड्या कोंडायला गेले होते, तेव्हा शेडमध्ये डोकावले होते. लाल चिठ्ठी गायब. आणि तेलाच्या दोन बाटल्या बाकावर तशाच, सीलसुद्धा तोडलेलं नाही.

सांगितलं का नाही?… तू सांगितलं असतंस? 'हर्शेल, तू तेल विसरलास', असं? त्याच्या तोंडावर? त्यापेक्षा गुपचूप घालावं म्हटलं. तो दाढी करत होता तेव्हा गेले. बाकाखालच्या खोक्यातल्या दोन बाटल्या घेतल्या, ओतल्या, आणि रिकाम्या कोंबड्यांच्या दाण्याच्या पिंपात खोल खुपसल्या.… बाकावरच्यांना हात नाही लावला, नाहीतर त्याला कळलं असतं.… हो ना? तुलाही बरोबरच वाटतं ना? झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

थांब, थांब… शेडचं दार उघडलं. मशीन बाहेर ढकलतोय.… सीटवर चढून बसला. टोपी नीट करतोय. वर्ना, मी फोन दाराबाहेर धरते, ऐक हं…

ऐकलंस? एका झटक्यात सुरू झालं.… रडतेय कुठं? कांदा चिरत होते.… हात हलवला त्यानं माझ्याकडे बघून.

मग उद्या कबरी सजवायला येताय ना सगळे? तुमच्या अम्माच्या कबरीला कागदी फुलं पांढरीच आण, मागच्या वेळची जांभळी तिला आवडली नसती.… मी सफरचंदाच्या करंज्या तळतेय. बीन्स, मक्याचा पाव… टेबलं वरच मांडायची, कबरींच्या कडेला, दरवर्षीसारखी. तोवर गवत कापून…

थांब जरा.… काही नाही, धूर येतोय. नव्या इंजिनाला येतो थोडा.… नाही गं, खूप येतोय. पांढरा. शेड दिसेनाशी झाली.… बंद केलं. त्यानंच केलं. उतरला.

तेल मोजायची काडी काढली. पुसली. परत घातली.… परत काढली. वर्ना, तो नुसता त्या काडीकडे बघत उभा आहे.

काय झालं ते मला तरी कुठं… अगं देवा. बाकावरच्या बाटल्या. धूर विरला तशा इथून दिसतायत. आडव्या पडल्यात. रिकाम्या.

त्यानं घातलं होतं.… तेल, वर्ना, तेल. आत्ता, सुरू करायच्या आधी. विसरला नव्हताच तो.… काडी कशाला बघेल आधी? कोरड्या विहिरीत वाकून कोण बघतं? माझ्या दोन बाटल्या, वर त्याच्या दोन बाटल्या. दुप्पट झालं.… नाही, मोडलं नसेल. लगेच बंद केलंय, जास्तीचं काढून टाकलं की चालेल. इंजिनाचं काय घेऊन बसलीस?

येतोय इकडे. ठेवू नकोस.… काय झालं रे हर्शेल?…

…

ऐकू आलं तुला?… म्हणतो, मी दोनदा तेल घातलं. खोक्यातल्यासुद्धा दोन बाटल्या कमी आहेत म्हणतो. एकदा घातल्याचं आठवतं, पहिल्या खेपेचं काहीच आठवत नाही. इतकं शांतपणे बोलला. किल्ली माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. म्हणे डॅरिलला फोन कर, ये म्हणावं, मशीन घेऊन जा.

आणि वर्ना… ती लाल चिठ्ठी किल्लीला बांधलीय. त्यानंच. इंजिनावरची सोडून किल्लीला बांधली, म्हणजे किल्ली हातात घेतली की तेलाची आठवण होईलच. त्याला माहीत आहे गं, आपण विसरतो ते. त्यानं त्याची सोय लावली होती. आणि मी…

हात धुतोय. मोरीशी उभा आहे, पाठ करून.

काय म्हणालीस? गप्प राहू?… हळू बोल.… हो, कळतंय मला. डोंगराला उतार आहे, मशीन उलटलं तर खाली सापडेल. सगळं कळतंय. डॅरिल सुटेल, मी सुटेन, तूही तिकडे ओहायोत सुखानं झोपशील. आणि कुणी हिसकावून घेतली नाही, आपल्या हातानं किल्ली ठेवली त्यानं.… अगं, रोज रात्री हेच तर मागत होते मी देवाकडे. खोटं कशाला बोलू? तो बोलला तेव्हा पहिल्यांदा हेच मनात आलं माझ्या, की आता तोंड उघडायचं नाही.

पण तू बघत नाहीयेस त्याला. साबण कधीच निघून गेला, तरी पाण्याखाली हात धरून उभा आहे. उद्यापासून तो चमचा उचलतानासुद्धा स्वतःला विचारील, मघाशी जेवलो का म्हणून.… नाही. नाही वर्ना, हे माझ्याच्यानं होणार नाही. तू काहीही म्हण.

हर्शेल. नळ बंद कर. इकडे बघ माझ्याकडे.… तू एकदाच घातलंस. खोक्यातल्या दोन मी ओतल्या, तू दाढी करत होतास तेव्हा. रिकाम्या कोंबड्यांच्या दाण्यात आहेत, जाऊन बघ हवं तर.… हो. मीच.… मला वाटलं तू विसरलास.

…

आहे गं, आहे फोनवर.… नाही, ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. खुर्चीत बसला. हात पुसलेसुद्धा नाहीत. माझ्याकडे बघतोय.… काय रे? काय म्हणालास?

…

विचारतोय, कधीपासून.… तेलाचं नाही विचारत, वर्ना. म्हणतो, ओपल, माझ्या मागून हे असं कधीपासून करतेयस?

काय सांगू गं मी त्याला? शेगडी बंद आहे का ते त्याच्यानंतर उठून बघते, हे सांगू? गोळ्या मोजते, हे? लांब जाऊ नये म्हणून गाडीत पेट्रोल थोडंच ठेवते, तेही सांगू?… त्याला वाटतंय सगळं तोच सांभाळतो.

नाही, डॅरिलला फोन करायचा नाही. तूही करायचा नाहीस.… उद्याचं उद्या बघू.

ठेवते, वर्ना. तो वाट बघतोय.