किती वेळा वाजली

‘दळण सरलं बाई, सूप राहिलं रिकामं...’ विजयमालाबाईंच्या आईचा हा सूर जात्याबरोबरच कधीचा विरून गेला होता. आज साताऱ्याच्या स्टँडवर शेजारच्या बाकावरून, कुणाच्या तरी फोनमधून तीच चाल उमटली आणि सांगलीच्या गाडीकडचं त्यांचं लक्ष उडालं. बाकावर बहीण-भाऊ बसले होते.

“अक्का, आपल्या ब्लॉगावर आईचा आवाज वाजवणारं हे प्लगिन लय जुनं झालंय. बनवणाऱ्यानंच वाऱ्यावर सोडलंय.”

“वाजतंय न्हवं? मग ऱ्हाऊ दे.”

“आगं, त्यातनंच कुणीतरी ब्लॉगात शिरलं. आईच्या ओव्यांखाली जुगाराच्या जाहिराती! ती असती तर उलथनं घिऊन धावली असती.”

“तू काढल्यास की त्या.”

“दर बारीला कोण काढणार? परवा मी ड्यूटीवर चाललो. नवं प्लगिन टाकतो, ओव्या हाय तशाच ऱ्हातील.”

“ह्यात दिसतं तसं नव्यात कुठली ओवी किती वेळा वाजली, ते दिसंल?”

“न्हाई. आन् मोजून काय करतीस? ऐकतंय कोण? आबांनी तर घरात आईचा आवाज लावायचा न्हाई म्हणून बजावलंय.”

अक्कानं फोन आपल्याकडे ओढून घेतला.

“काढू न्हवं?”

“नगं रं. आबा फोन उचलत्यात का तुझा?”

“कुठलं! तुझा?”

“माझाबी न्हाई. पर गेल्या खेपंला जतला मी बगितलं, मेंढरांपाशी बसून फोन कानाला लावला हुता त्यांनी. हीच ओवी. रोज पहाटं वाजती. आकडा पुढं सरकला, की मग मी चहा ठेवती. आबा उठल्यात, एवढं तरी कळतं.”