दोन पानी उत्तर

नाही, खोडू नका. खोडायचं नंतर. आधी मला सांगा, ही जी दोन पानं भरलीत, त्यात तुम्हाला म्हणायचंय काय? विषय नका सांगू, विषय प्रश्नपत्रिकेतच असतो – ‘माझ्या कामाच्या ठिकाणची एक व्यक्ती’. तुम्ही इस्पितळातली चादरी धुणारी बाई घेतलीत, चांगलं केलंत. पण बघा ना, पहिल्या ओळीत तिची उंची, दुसरीत तिचा दमा, मग तिच्या मुलीचं बाळंतपण, आणि मधेच एकदम इस्पितळाला नवा रंग दिला तो – रंगाचा काय संबंध? आठवलं म्हणून लिहिलंत. आठवेल ते लिहायला माझी ना नाही, पण ते कच्च्या कागदावर. तिथं सगळं ओतायचं, उंचीसुद्धा. आणि मग स्वतःलाच विचारायचं, की बाई गं, एका वाक्यात सांग, या बाईबद्दल तुला काय सांगायचंय?

हं, बोला. ... नाही, ‘ती खूप चांगली आहे’ हे वाक्य नव्हे, ते कुणाहीबद्दल म्हणता येतं. तुम्ही वीस वर्षं वॉर्डात आया म्हणून काढलीत, तिला रोज बघता. ... हे बघा, हे आत्ता बोललात ते. फाटक्या चादरीवर ती एकाही पेशंटला निजू देत नाही. झालं की. हेच वाक्य. हे कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहा, आणि आता खालच्या यादीतलं या वाक्याच्या कामाला काय येतं तेवढंच ठेवा. चादर खिडकीपाशी उजेडात धरून बघते – ठेवा. विरलेल्या चादरीचा मधला भाग काढून उरलेल्या कापडाच्या पोरांच्या वॉर्डासाठी लहान चादरी शिवते – ठेवा. मोठ्या डॉक्टरांशी एकदा भांडली – कशावरून? चादरीवरून ना? मग ठेवा. उंची गेली, दमा गेला, रंग तर गेलाच. राहिले तीन मुद्दे, म्हणजे तीन परिच्छेद, एकात एकच. पुढे एक छोटी सुरुवात, मागे एक छोटा शेवट. सुरुवातीला फुलं उधळायची नाहीत, सरळ तिला खिडकीपाशी उभी करा. शेवटी नवीन काही काढायचं नाही. एवढंच असतं निबंध म्हणजे. चौतीस वर्षं शिकवलं मी, याहून जास्त काही नाही त्यात.

हसता काय? खरंच नाही. तुम्हाला वाटतं भाषा लागते. भाषा सगळ्यात शेवटी. भाषेनं तर उलट – भाषा चांगली असली ना, की माणूस दोन पानं लिहितो आणि म्हणायचं तेवढं टाळतो. मला विचारा. नको, विचारू नका. पुढं लिहा.

आणि तो कच्चा कागद फाडू नका हां, ठेवा. मी सगळे ठेवते. त्या कपाटात वर्षावार फायली आहेत. माझी बहीण म्हणायची, ताई, तू किराण्याच्या यादीचाही मसुदा ठेवशील. ... हो, बहीण होती. म्हणजे आहे. अकरा वर्षांनी धाकटी. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती, तेव्हापासून मीच केलं तिचं. वेणी, शाळा, ताप, सगळं. मग आम्ही दोघीच राहिलो इथं, याच दोन खोल्यांत. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची. हात असा हलका, काय सांगू. पण लिहायला बसवलं की उठून पळायची. माझी बहीण, आणि चार ओळी धड लिहायची नाही – बाकीच्या शिक्षिका मला चिडवायच्या.

त्या दुकानाच्या शेजारी एक घड्याळं दुरुस्त करणारे होते. डोळ्याला भिंग लावून बसायचे, तेच भिंग घासून घ्यायला हिच्याकडे यायचे. सारखे यायचे. भिंग इतकं कुठं खराब होतं? मला कळायला हवं होतं, नाही कळलं. हिचं वय तेव्हा एक्केचाळीस. मग त्यांना दुसऱ्या गावात दुकान मिळालं आणि त्यांनी हिला पत्र लिहिलं. सात ओळी. शुद्धलेखनाच्या तीन चुका – मी मोजल्या, सवय. मी तिकडं चाललो, तुम्ही माझ्याशी लग्न करून याल का, महिनाअखेरपर्यंत कळवा, पुन्हा तोंडानं विचारायचा धीर होणार नाही. असं. सगळं सात ओळींत.

तर ती ते पत्र घेऊन आली आणि आत्ता तुम्ही बसलात त्याच खुर्चीत बसली. म्हणाली, ताई, तू लिही ना, तुला छान जमतं. मी म्हटलं, काय लिहू? तर म्हणाली, हो म्हणून कळव. आणि लाजून आत गेली, एक्केचाळीस वर्षांची बाई. मी इथंच बसले, दुपारचीच वेळ होती. कागद घेतला, आराखडा केला. पहिल्या परिच्छेदात पत्राबद्दल आभार. दुसऱ्यात त्यांचे गुण – कष्टाळू, सभ्य, मनापासून लिहिलं हो मी ते. तिसऱ्यात अडचणी. परकं गाव, सुटणारी नोकरी, वाढलेलं वय, थोरल्या बहिणीची नाजूक तब्येत. मला काय झालं होतं? काही नाही. सर्दी. आणि शेवटी, या सगळ्याचा साकल्याने विचार करता काळच योग्य तो मार्ग दाखवील. दोन पानं. एक शब्द चुकलेला नाही. आणि ‘हो’ कुठंच नाही.

तिनं वाचलं नाही. मी म्हटलं, वाच तरी, तर म्हणाली, तू लिहिलंयस ना. खाली सही केली, पाकीट स्वतः चिकटवलं, स्वतः टाकून आली.

आठ दिवसांनी त्यांची चिठ्ठी आली. आपली अडचण समजली, त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी. मला विचारलं तिनं, ताई, कसली अडचण? मी म्हटलं, अगं, पुरुषांचं असंच असतं, ऐनवेळी कच खातात. आणि तिला पटलं. मी सांगितलं म्हणून पटलं, दुसरं काय. ती पुन्हा कामाला जाऊ लागली. संध्याकाळी यायची, आम्ही समोरासमोर बसून जेवायचो, रेडिओ लावायचो. अशी सहा वर्षं. तुम्हाला सांगते, त्या सहा वर्षांत मी सुखात होते. हे बोलू नये, पण होते. लोकांना काय, मी सांगितलं असतं, की तिच्या भल्यासाठी केलं, परक्या गावात तिचे हाल झाले असते. मला स्वतःलाही बरेच दिवस तसंच सांगत होते. पण त्या दुपारी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तिचे हाल नव्हते. हे टेबल होतं आणि एकच ताट.

मग खोलीला चुना द्यायचा म्हणून तिनं कपाट रिकामं केलं. त्या वर्षाची फाइल उघडली. सहज, ओल लागलीय का बघायला. त्यात तो मसुदा. आणि मसुद्यात सगळ्यात वर, कोपऱ्यात, मी नेहमीप्रमाणे एक वाक्य लिहिलेलं होतं – ‘हो, मी येते.’ आणि त्यावर काट. माझ्याच लाल पेनानं.

भांडली? नाही हो. भांडली असती तर बरं झालं असतं, मी मुद्देसूद उत्तर दिलं असतं. ती कागद हातात धरून एवढंच म्हणाली, ताई, हे तू खोडलंस. चार दिवस लागले तिला आवरायला. त्यांचं तिकडं केव्हाच लग्न झालं होतं, दोन मुलं होती, म्हणजे जायला जागा होती असं नाही. तरी गेली. जाताना स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून गेली, मला काय कुठं असतं ते माहीत नव्हतं ना. साखर. मिठ. मिठातला मि ऱ्हस्व. पाच वर्षं झाली, मी तो दीर्घ केलेला नाही.

ती आता बसनं दोन तासांवरच्या गावी असते. तिथंही चष्म्याचंच दुकान. मी एकदा जाऊन आले, समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. एका म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा बसवून मान तिरकी करून बघत होती. केस पिकलेत. मी परतीची बस धरली.

पत्रं? लिहिली की. अकरा मसुदे आहेत. एकेक वाचाल तर डोळ्यांत पाणी येईल, इतके चांगले उतरलेत. म्हणून तर पोस्टात टाकले नाहीत.

काय? ... तुम्ही लिहिणार? तुम्ही, माझ्यासाठी? अहो, तुम्हाला परवा परीक्षा आहे. ... बरं, लिहा. तेवढाच सराव. घ्या, कोरी बाजू घ्या.

झालं? इतक्यात? आणा इकडं. ‘मी मुद्दाम खोडलं. मला एकटं राहायचं नव्हतं. मला माफ कर, तुला बघावंसं वाटतं.’

... हं.

नाही, चूक नाही काढत. चूक नाहीये यात.

पण हे तुमच्या अक्षरात नाही चालणार. तिला माझं अक्षर ओळखू येतं, मला उतरवून काढावं लागेल. पत्ता पाठ आहे. पाकीट आहे त्या खणात – राहू दे, मी घेते. तुम्ही निघा आता. चादरीवालीचं नीट झालंय, तसंच लिहा परीक्षेत, दोन पेनं बरोबर ठेवा. ... नको, थांबू नका. कुणी समोर बसलेलं असलं ना, की मी चांगलं लिहायला जाते. उठा. दार ओढून घ्या.