वाघदऱ्याच्या आखाड्यातली शेवटची जोड

मी, जानकू सखाराम करगळ, वय ६३ वर्षे, धंदा शेती व मेंढरे, शिक्षण चौथी, रा. मौजे वाघदरे, ता. जुन्नर, जि. पुणे. मोबाईल नंबर सुनेचा दिला आहे, माझा बंद असतो. आज दि. २४/०४/२०२५ रोजी सकाळी ११ वाजता, कोणी बोलावले नसताना, पोलीस ठाण्यात स्वतः येऊन विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी, मुलगा व सून यांच्यासह राहतो. तीस मेंढरे आहेत. वाडवडील मेंढरे घेऊन कोकणात उतरत. मी वीस वर्षांत उतरलेलो नाही, गुडघे गेले. तरुणपणी कुस्त्या केल्या. गावच्या बिरोबाच्या यात्रेत आखाड्याचा पंच म्हणून एकतीस वर्षे जोडी लावतो. गावात दुसरा चांगला माणूस नाही असे नाही, पण शिव्या खायचे काम कोणी अंगावर घेत नाही.

भैरवनाथ बरकडे, वय ३१ वर्षे, हा माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. आमची घरे लागून आहेत. तो पूर्वी बॉक्सर होता, आता पिकअप चालवतो व लोकांचा कांदा मंचरच्या बाजारात पोहोचवतो. लहानपणी त्याला तालमीत मीच घातले. पण पैलवानाला वाकावे लागते आणि हा वाकायचा नाही. सरळ उभा राहून पुढच्याला हातानेच लांब ठेवायचा. एकदा वैतागून मी म्हणालो, "तुला कुस्ती न्हाय जमायची, तू आपलं बॉक्सिंगच कर जा." मी टोमणा मारला होता, त्याने मनावर घेतले.

सतराव्या वर्षी तो पुण्याला गेला. दिवसा एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन, संध्याकाळी बॉक्सिंग. सन २०१७ पासून व्यावसायिक लढती केल्या. एकूण चौदा. नऊ जिंकल्या, चार हरल्या, एक बरोबरीत सुटली. दिल्ली, हैदराबाद, गुवाहाटी, एकदा बँकॉक. मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये लढती व्हायच्या आणि लोक जेवता जेवता बघायचे, असे तो सांगे. मी एकही समोर बसून पाहिली नाही. मोबाईलवर पाहिल्या, त्यात तो बोटाएवढा दिसतो.

गावात त्याच्या धंद्याला मान नव्हता. पाठ मातीला लागल्याशिवाय आमचे गाव कशाला जिंकणे म्हणत नाही. तो जिंकून आला तरी पारावरचे विचारायचे, "राव, पाठ लागली का त्याची?" तो हसून सोडून द्यायचा. मी तिथेच बसलेला असायचो. मीही हसायचो.

सन २०२२ च्या अखेरीस तो बॉक्सिंग सोडून गावी आला. मन भरले म्हणून सोडले, असे त्याने सगळ्यांना सांगितले. मलाही तेच सांगितले.

दि. १८/०४/२०२५ रोजी यात्रा होती. सकाळी आठच्या सुमारास मी मेंढरांना पाणी दाखवत असताना भैरवनाथची बायको रोहिणी एकटीच माझ्याकडे आली. ती म्हणाली, "मामा, आज त्यांचा सत्कार हाय म्हणं. खुशाल करा. पर कुणाला त्यांच्या अंगावर येऊ देऊ नका." मी कारण विचारले. तेव्हा तिने सांगितले की शेवटच्या लढतीत भैरवनाथच्या उजव्या डोळ्याचा पडदा फाटला होता. ऑपरेशन करून तो बसवला आहे, परंतु डोक्याला साधी चापटसुद्धा लागता कामा नये असे डॉक्टरांनी बजावले आहे. गावाला कळले तर आंधळ्याच्या गाडीत माल कोण भरील, म्हणून त्याने लपवले होते. तिने मला सांगितल्याचेही त्याला माहीत नव्हते. मी तिला म्हणालो, "मी हाय ना. जा तू निवांत."

दुपारी चारला कुस्त्या सुरू झाल्या. साडेपाचच्या सुमारास भैरवनाथला आखाड्यात बोलावून नारळ, टॉवेल, टोपी दिली. रीतीप्रमाणे तो हात जोडून मातीत एक फेरी मारत होता. तेवढ्यात ऋतिक नावाचा मुलगा, वय अंदाजे २२ वर्षे, रा. कळंब, गर्दीतून आत आला. तो मंचरला किकबॉक्सिंगच्या क्लासला जातो. त्याने हात पुढे केला आणि भैरवनाथने तो हातात घेतला.

आमच्या आखाड्यात मातीत उभ्या असलेल्या दोघांनी हात मिळवला की जोड लागली. पंचाने ते हात वर केले, नावे पुकारली, हलगी वाजली, की मागे फिरता येत नाही. फिरला त्याचे घर आखाड्यातून उठले. माझा चुलता १९७९ साली असा मागे फिरला होता, त्याचे नातू आजही यात्रेत आखाड्याला वळसा घालून जातात. जोड मोडायचा अधिकार फक्त पंचाला आहे. हे भैरवनाथला मीच शिकवले आहे.

मी दोघांचे हात वर केले व माईकवर नावे पुकारली. एवढे सवयीने झाले. असे हजारो हात उचलले असतील. इथपर्यंत चूक म्हणता येईल.

ऋतिक मला म्हणाला, "काका, मला निस्ता फोटो काढायचा व्हता." परवा गावात चौकशीला आलेल्या पोलिसांना मी हलगीमुळे काही ऐकू आले नाही असे सांगितले होते. ते खोटे आहे. मला ऐकू आले होते.

भैरवनाथने माझ्याकडे बघितले. नको म्हणायचे तर चारचौघांत डोळ्याचे सांगावे लागले असते. दोघेही कुस्तीचे नव्हते, म्हणून ठोशांची लढत ठरली. ऋतिकच्या मोटारसायकलला अडकवलेले ग्लोव्हज आणायला दहा मिनिटे गेली. त्या दहा मिनिटांत मी "जोड रद्द" एवढे दोन शब्द बोललो असतो तर काम झाले असते. का बोललो नाही असे साहेबांनी विचारले. मला त्याला खेळताना बघायचे होते. चौदा लढतींत एकदाही समोर बसून बघितले नव्हते. आणि पारावरच्यांनीही एकदा बघावा असे वाटले. दुसरे कारण नाही.

लढत दोन मिनिटे चालली असेल. भैरवनाथने एकही ठोसा मारला नाही, नुसता चुकवत राहिला. मेंढरू काटवणातून अंग चोरून निघते तसा निघायचा. एवढा हलका माणूस मी त्या मातीत पाहिला नाही. पारावरचे गप्प झाले होते. मला फार आनंद झाला. हेही लिहून घ्यावे असे मी सांगितले आहे.

नंतर ऋतिकचा एक ठोसा खांद्यावरून घसरून भैरवनाथच्या कानशिलाला लागला. जोराचा नव्हता. पोरगा घाबरून हात आखडून मारत होता, त्याला दोष देऊ नये. भैरवनाथ उभाच राहिला. मग चालत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मामा, उजव्या अंगाची माणसं कुठं गेली?"

आमच्याकडे बाया आखाड्यात उतरत नाहीत. रोहिणी उतरली. कोणी अडवले नाही. ती त्याला हाताला धरून घेऊन गेली. माझ्याकडे तिने बघितले नाही, आजपर्यंत बोललेली नाही.

त्याला आधी मंचरला व तेथून पुण्याला नेले. दि. २१ रोजी डॉक्टरांनी उजव्या डोळ्याने आता दिसणार नाही असे सांगितले. दवाखान्यातून कळवल्यावरून चौकशी सुरू झाली. चक्कर येऊन दगडावर पडलो, असा जबाब भैरवनाथने दिला आहे. यात्रा कमिटीही तसेच सांगते व मीही तसेच सांगावे असा निरोप मला आला होता. पिकअप माझ्या अंगणात उभी आहे. मेंढरे तिच्या सावलीला बसतात.

दवाखान्यात भैरवनाथ माझा हात धरून म्हणाला, "मामा, जिवाला लावून घेऊ नका. तुमाला काय म्हाईत व्हतं?" रोहिणी शेजारी डबा उघडत होती. ती गप्प राहिली. मीही राहिलो. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही.

माझी ऋतिकविरुद्ध काही तक्रार नाही. माझ्याविरुद्ध कोणी तक्रार दिली नसल्यास मी स्वतः देण्यास तयार आहे. त्यावर हवालदार म्हणाले, "बाबा, स्वतःच्या नावानं तक्रार घ्यायचा रकाना नसतो." मी म्हणालो, मग जबाबात लिहा.

वरीलप्रमाणे लिहून झाल्यावर मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी 'पंचास डोळ्याबाबत कल्पना नव्हती' असे आले होते. ते खोडायला लावून 'कल्पना होती' असे करून घेतले व खाडाखोडीपुढे सही केली. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. याची एक नक्कल भैरवनाथला द्यावी. तोंडाने मला त्याला सांगता आले नाही.

सही – जानकू सखाराम करगळ