अध्यक्षीणबाईंचे पाय

— नको, नको, खोकं उघडू नकोस फेतुआओ, इथूनच दिसतात मला. पांढरे आहेत ना? मग झालं. नर्सचे बूट आणखी कुठल्या रंगाचे असणार! छान आहेत. तू बस आधी. पहाटेच्या बोटीनं आलीस, वर त्या बसमध्ये कुणाची तरी जाडी मावशी मांडीवर घेऊन बसली असशील — कोको घे. साखर घातलेली आहे. तुझ्यात, माझ्यात नाही. माझ्यात आतून आहे, वरून घालावी लागत नाही. हस की, विनोद होता तो. देशोदेशीच्या नर्सांच्या अधिवेशनातलं भाषण याच विनोदानं सुरू करणार होते मी — होते म्हणजे, आहे — म्हणजे जी कोणी करील ती करील. कोको घे, निवतोय.

आता तू सेक्रेटरीबाई झालीस, अख्ख्या सामोआच्या परिचारिका संघटनेची, तेव्हा तुला नाही म्हणणं बरं दिसत नाही हे मला कळतं. पण तुझ्या हाताला इंजेक्शन धरायचं वळण मी लावलंय, तेवढ्या हक्कानं सांगते — भाषणाला दुसरी कुणीतरी पाठव. काय, दुसरी कोण? तिकडे राजधानीत, अपियाच्या ऑफिसात माणसं नाहीत का? नाहीत. बरोबर. निम्म्या ऑस्ट्रेलियाला गेल्या, उरलेल्या पासपोर्टच्या रांगेत. आणि उरली मी — नोकरीतून निवृत्त, गावच्या महिला समितीची अध्यक्षीण, दात तीन कमी, आवाज दोघींचा. अशा म्हातारीला कोणताच देश पळवून नेत नाही, म्हणून संघटनेला ती खात्रीची वाटते! असं बघू नकोस, गंमत करतेय.

बूट घालून बघायची एवढी घाई काय? बसतील. माप बरोबरच असणार. वॉर्डात माझ्या मागे मागे फिरायचीस तेव्हा काय माझ्या पायांकडेच बघत होतीस? — नाही, ती चटई असू दे पायावर. पाहुणी समोर बसली असताना पाय लांब केले तर झाकावेत, एवढी रीत अपियाला जाऊन विसरलीस की काय? गुडघा धरलाय, मांडी घालवत नाही, म्हणून लांब केलेत. लांब केलेत म्हणून झाकलेत. साधी गोष्ट आहे.

तू म्हणणार, भाषण तुम्हीच करायला हवं, कारण गाव तुमचं. हो, गाव माझं. मधुमेहानं पाय कापावा लागला नाही असं अख्ख्या सवाई बेटावर एकच गाव उरलंय, आणि मागच्या अधिवेशनापासून तुम्ही लोक ते मिरवत फिरताय. पण मी केलं काय? सांगू का, ही मोठी कामं कशी होतात? तिकडे जिनिव्हात सगळ्या जगाच्या परिचारिकांची संघटना बसते, त्यांच्या शेजारी ती आरोग्याची मोठी मंडळी बसतात, आणि मिळून एक वाक्य काढतात. फार सुंदर वाक्य असतं, त्यात 'सक्षमीकरण' असतं. ते वाक्य अपियात येतं, तुम्ही त्याचं सामोअन करता, ते दुप्पट लांब होतं. मग ते बोटीत बसून माझ्याकडे येतं, आणि मी गावच्या बायकांना म्हणते, "पाय बाहेर!" झालं सक्षमीकरण.

हसू नकोस, त्या वाक्याशिवाय माझं कुणी ऐकलं नसतं. मी एकटीनं म्हटलं असतं, पाय दाखवा, तर म्हणाल्या असत्या, म्हातारीला रिकामपण आलंय. पण "जिनिव्हाहून आलंय" म्हटलं की सरपंचांच्या आईनंसुद्धा पाय पुढे केले! पूर्वी आमची समिती काय तपासायची? मच्छरदाणी, संडास, अंगणातला कचरा. त्यात मी पाय घातले. महिन्यातून एकदा तो शंख वाजतो — तो बघ, खांबाला टांगलाय — शंख वाजला की ज्या घरात जी बाई असेल तिनं चटई बाजूला करायची, पाय पुढे करायचे, आणि आम्ही बोटांच्या बेचक्यांत बघणार. कुणाला सूट नाही. पाद्रीणबाईंनाही नाही. हा नियम मीच केला, आणि करताना छाती अशी फुगली होती की पोलक्याचं बटण गेलं.

आणि बायकांच्या सबबी! तुझ्या भाषणाला — माझ्या — कोणाच्या का होईना भाषणाला उपयोगी पडतील, ऐक. सिएनीच्या टाचेला भोक, आणि म्हणते काय, "कोंबडीनं चोच मारली." मी म्हटलं, "सिएनी, कोंबडी तुझी टाच खाईस्तोवर तू काय करत होतीस?" तर म्हणे, "मला कळलंच नाही." मी म्हटलं, "हेच! हे न कळणं हाच आजार!" सगळ्या बाया हसल्या. सिएनी रडली. मग इस्पितळात जायला तिला मी स्वतः बोटीवर घातलं, आणि दोन्ही पायांवर चालत परत आली. आता रविवारी चर्चमध्ये नाचते. दुसरी म्हणायची, जरा खरचटलंय. तिसरी म्हणायची, पाला बांधलाय, उतरतंय. मी विचारायचे, "पाय तुझा आहे का गावाचा?" फार भारी बोलायची सवय आहे मला.

तर भाषणाचं असं की — त्या उद्घाटनाला प्रत्येक देशाची नर्स झेंडा घेऊन चालत जाते. फिजी, टोंगा, कुक बेटं, मग आम्ही. लांबलचक सभागृह. आणि मी लंगडत — गुडघ्यामुळे, गुडघ्यामुळे — लंगडत गेले तर झेंडा हलेल. देशाचा झेंडा डुगडुगलेला बरा दिसेल का? आणि मग टाळ्या. "जिच्या गावात एकही पाय गेला नाही ती तिलोमाई!" फोटो काढतील. खालपासून वरपर्यंत काढतील.

माशी आहे ती. बसू दे. पिकलेला फणस असेल कुठेतरी. — वास? कसला वास? समुद्राचा असेल, ओहोटी आहे.

बरं, आता इतकं रोखून बघतेच आहेस तर सांगते, काही विशेष नाही. रविवारी पुरुष मंडळी दगड तापवून त्यांवर स्वयंपाक करत होती. ते काम पुरुषांचं, तिथे माझं काय होतं? पण सूचना दिल्याशिवाय मला राहवतं का? "दगड असा नको, तसा लाव," करत करत मध्ये जाऊन उभी राहिले. पुतण्या ओरडला, "आत्या, पाय!" मी म्हटलं, "काय पाय?" मला कळलंच नाही. — असं बघू नकोस. जरा भाजलंय. पाला बांधलाय. उतरतंय.

ऐकलंस? माझ्याच तोंडून ऐकलंस ना? सिएनीनं निदान कोंबडी तरी शोधून काढली होती.

कोण मला म्हणणार, पाय बाहेर? त्याच आठवड्यात शंख वाजला तेव्हा मीच पुढे, मीच तपासणारी. अध्यक्षीणबाईंची चटई कोण ओढणार! माझ्या मागून सिएनीच चालत होती. एकदा थांबली, माझ्या मोज्याकडे बघितलं, आणि मग आभाळाकडे बघून म्हणाली, "आज उकाडा आहे." मान राखला तिनं माझा. तिचा राखला होता का मी? — आणि आता समज तुम्ही मला अपियाला नेलं, आणि डॉक्टरांनी मान हलवली. गावातला पहिला पाय कुणाचा? जिनं नियम केला तिचा! तुमच्या अहवालाचं काय, जिनिव्हाचं काय — जिनिव्हाचं काय व्हायचंय, त्यांचे पाय शाबूत आहेत. माझं सांगते. मला भीती वाटते पोरी. इतक्या जणींना बोटीवर घातलं, एकीलाही मी विचारलं नाही, भीती वाटते का म्हणून.

कुठे चाललीस? उठलीस कशाला? कोको तसाच — अगं, तो खांब — फेतुआओ, शंख खाली ठेव. ठेव म्हणते. तू या समितीची नाहीस, तुला अधिकार नाही. फुंकलास तर सगळं गाव येईल, पाद्रीणबाई येतील, सिएनी येईल! तोंडाला लावू नकोस — आपल्या घरांना नुसते खांब, भिंत नाही, लपायला माझ्याकडे एवढी एकच चटई आहे पोरी —

बरं. बरं बाई. फुंकू नकोस. ये इकडे. उजेडाकडे सरक, सावली पडते. मीच काढते चटई. मोजा तू काढ, माझ्यानं चिकटलेला निघत नाही. हळू कशाला करतेस, मला काही कळत नाहीये.

बोल. काय दिसतंय? बोटं कशी आहेत? मी तुला शिकवलं होतं ना, पेशंटसमोर तोंड असं करायचं नाही.

दुपारची बोट मिळेल? मग पुतण्याला हाक मार, गाडी काढ म्हणावं. शंख जागेवर टांग. आणि ते बूट — परत नेऊ नकोस. इथेच राहू देत. दोन्ही राहू देत.