घारे डोळे, सहावं बोट

शेवगावात रॉकेलच्या रांगेत शमशाद बाटली धरून उभी होती. मागं दोन म्हाताऱ्यांची कुजबुज चालली होती. मान न वळवता तिनं कान मात्र तिकडंच लावले.

“नातवाचे डोळे घारे हायेत, राहीबाई. थेट आज्याचे.”

“अन् सहावं बोट कुठं हाय, छबू? आमच्या मालकाला दोन्ही हुतं. रक्ताचं आसलं तर दोन्ही जोडीनंच उतरतं. सून म्हायेरी लई दिवस राहिली हुती. पोरगं आमचं न्हाई.”

“आगं, माझा बोकड काळा अन् बिनशिंगी. त्याची पिल्लं बघ. एक काळं हाय, पन त्याला शिंगं फुटली. दुसरं बिनशिंगी, तर पांढरं. म्हनून काय शेळीवर आळ घेऊ?”

“शेळीचं येगळं.”

“बरं, तुझ्या गोरक्षाला, पोराच्या बापाला, सहा बोटं हायेत. डोळे कसे हायेत?”

“काळे. माझ्यावर गेल्यात.”

“म्हंजी त्याच्यातबी एकच उतरलं. तवा तुझी सासू काय म्हनली हुती?”

रांग पुढं सरकली. शमशादच्या मागं कुणी हललं नाही.

“पोरगं आमचं न्हाई, म्हनली हुती.”